अंगठ्यापासून पाच सेंटीमीटर

खुर्ची दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी, मागे रेललेली. हात मांडीवर सैल सोडलेले. डोक्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या बरंच वर, कुणीतरी एक उपकरण टेकवतं. दोन बशा शेजारी-शेजारी चिकटवून त्यांना मूठ बसवावी तसं, इंग्रजी आठाच्या आकाराचं. मग ‘टक्’ असा आवाज होतो आणि उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडतो.

तुम्ही तो हलवलेला नसतो. हलवायचं मनातही आणलेलं नसतं. उपकरण जरासं सरकवलं की अंगठा गप्प होतो आणि एखादं बोट फुरफुरतं. आणखी सरकवलं की काहीच होत नाही. तंत्रज्ञ पुन्हा मागे येतो, अंगठा सापडला की डोक्यावरच्या टोपीवर पेनाने खूण करतो. मग ठोक्याचा जोर हळूहळू उतरवत नेतो. दहा ठोक्यांत पाच वेळा अंगठा हलला, तर ते त्या माणसाचं माप. हे माप प्रत्येक डोक्याचं वेगळं.

जुन्या पद्धतीत यानंतर टेप घेऊन खुणेपासून कपाळाच्या दिशेने पाच सेंटीमीटर पुढे मोजायचे. तिथे उपकरण ठेवून टक्-टक् सुरू केली, तर अंगात कुठेही काही हलत नाही. पण समोर ठेवलेल्या चॉकलेटबद्दलची ओढ जरा कमी व्हावी, अशी वीस वर्षांपूर्वी काही संशोधकांनी आशा धरली. त्या आशेचं पुढे काय झालं ते सांगायचंच आहे, पण आधी त्या पाच सेंटीमीटरांपाशी थोडं थांबू. शरीराचा एक अवयव हलवणारी जागा इथे, आणि ‘हवंय, पण नको’ असं स्वतःशी भांडणारी जागा तिथून अडीच-तीन बोटांवर. दोन्ही कवटीच्या आत, त्याच करड्या पदार्थाच्या. डोळ्यांना दोन्हींत फरक दिसणार नाही.

(माप ढोबळच होतं म्हणा. डोकी लहान-मोठी असतात आणि या टेपने नेम बऱ्याचदा हवा त्याहून मागे पडतो, हे पुढे लक्षात आलं. आता ज्यांना परवडतं ते त्या माणसाच्या मेंदूचा एमआरआय समोर ठेवून जागा शोधतात.)

ही टक्-टक् जन्माला आली १९८५ मध्ये, इंग्लंडमधल्या शेफील्डला. अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकाच्या जोरावर माणसाचा मेंदू बाहेरून, काहीही न कापता, न टोचता चेतवून दाखवला. त्याआधी कवटीवरून थेट विजेचा झटका देऊन हाताचा स्नायू हलवता येत होता, पण ते दुखणं सोसवत नसे. हाड विजेला वाट देत नाही, आणि हाडाच्या वरची कातडी झटक्याचा सगळा राग स्वतःवर घेते. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाड म्हणजे जणू काहीच नाही. ते सरळ आरपार जातं.

आपल्या स्वयंपाकघरात हीच करामत रोज चालते. इंडक्शनच्या शेगडीची काच स्वतः पातेलं तापवत नाही. काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून झपाट्याने बदलणारा प्रवाह जातो, त्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते वर ठेवलेल्या पातेल्याच्या बुडात वीज उठवतं. तार पातेल्याला कुठेही शिवत नाही. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेला हा नियम. डोक्यावरच्या त्या दोन बशांमध्येही तारेची वेटोळी असतात. फरक एवढाच, की इथे पातेल्याच्या जागी मेंदूचा वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर असतो, आणि तो शिजत नाही, कारण ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. तेवढ्या वेळापुरतं ते क्षेत्र एमआरआयच्या अजस्र यंत्राच्या तोडीचं असतं. चेतापेशी आपसात विजेच्याच भाषेत बोलत असल्यामुळे त्यांना हा ठोका शेजारणीचा निरोप वाटतो, आणि त्या तो पुढे धाडतात. निरोप पाठीच्या कण्यातून उतरतो, दंडातून जातो, अंगठा उडतो.

१९१० मध्ये सिल्व्हेनस थॉम्पसन नावाच्या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने एका मोठ्या वेटोळ्यात स्वतःचं डोकं घातलं होतं आणि त्याला लखलखणारा प्रकाश दिसला होता. जे यंत्र पुढे दवाखान्यात आलं, त्याचे पूर्वज असे हौशी आणि थोडे वेडे होते.

आता चॉकलेटकडे.

आमचे बाबा रोज रात्री जेवण झालं, ताट उचललं, हात धुतले, की फडताळातला गुळाचा डबा उघडतात. आई ठरलेला प्रश्न विचारते, “अहो, आत्ताच तर जेवलात!” आणि बाबांचं ठरलेलं उत्तर येतं, “अगं, भूक नाही. नुसतं तोंड चाळवलंय.” या दोन वाक्यांत जो फरक आहे, तो प्रयोगशाळेत पकडायला शास्त्रज्ञांना बराच वेळ लागला. भूक ही पोटाची, साखर उतरल्याची, रिकाम्या आतड्यांची गोष्ट. तिला पोळी चालते, भात चालतो, शिळं थालीपीठही चालतं. तलफेला तेच हवं असतं आणि तसंच हवं असतं. मराठीत खा-खा आहे, वखवख आहे, चटक आहे, जिभेचे चोचले आहेत, आणि गर्भारपणात याच गोष्टीला मान मिळून तिचे डोहाळे होतात, त्यासाठी हिरवी साडी आणि फुलांचे दागिनेही येतात. पोट भरलं तरी डोळे भरत नाहीत, असं आपण म्हणतो. त्यातल्या ‘डोळे’ या शब्दाकडे पुन्हा यायचं आहे.

तलफ म्हणजे शरीराला एखादं रसायन कमी पडलं आणि ते मागू लागलं, ही समजूत फार पसरलेली आहे. चॉकलेटच्या बाबतीत तर हमखास. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विला मिशनर आणि पॉल रोझिन यांनी १९९४ मध्ये ही समजूत एका साध्या युक्तीने तपासली. ज्यांना चॉकलेटची तलफ वरचेवर येते अशांना त्यांनी पुड्या दिल्या. तलफ आली की त्यातली एक उघडायची. एकीत साधं चॉकलेट. एकीत कोकोची पूड भरलेल्या कॅप्सूल: चॉकलेटमधली सगळी रसायनं आहेत, पण चव-वास काही नाही. एकीत पांढरं चॉकलेट: गोडवा आणि विरघळणारा मऊपणा आहे, पण कोकोतली ती रसायनं नाहीत. कॅप्सूलने तलफ जराही भागली नाही. पांढऱ्या चॉकलेटने अर्धीमुर्धी भागली. त्यात कॅप्सूल मिसळून दिल्या तरी काही वाढ झाली नाही. म्हणजे रसायन बाजूलाच राहिलं. हवी होती ती जिभेवर विरघळण्याची गोष्ट.

आणि ती गोष्ट जिभेच्याही आधी डोळ्यांपुढे घडते. तलफ आलेली माणसं काय सांगतात ते विचारलं, तर बहुतेक जण चित्रच वर्णन करतात: वाफ निघतेय, तूप वितळतंय, कड कुरकुरीत आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या ईव्हा केम्प्स आणि मारिका टिगेमन यांनी लोकांना पडद्यावर लुकलुकणारे काळे-पांढरे ठिपके बघायला लावले. बाकी काही नाही, नुसती बघत राहायची ती बुजबुज. तलफ उतरली. इंग्लंडमध्ये प्लिमथ विद्यापीठात तीन मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं, तरी उतरली. मनाच्या पाटीवर जागा थोडी असते. तिथे ठोकळे पडू लागले की जिलबीचं चित्र नीट उमटत नाही, आणि चित्र विस्कटलं की तलफेला उभं राहायला जागा उरत नाही.

ही मनाची पाटी, म्हणजे आत्ता हवं ते थोडा वेळ धरून ठेवण्याची सोय, मेंदूच्या अनेक भागांच्या मदतीने चालते. पण त्यातला एक मोठा खांब तिथेच आहे. अंगठ्यापासून पाच सेंटीमीटरवर.

या जागेचं शास्त्रीय नाव डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. नाव उच्चारतानाच तोंड दुखतं, म्हणून मी तिला कपाळमाळा म्हणणार आहे. कपाळाच्या वर आणि बाजूला, घराच्या माळ्यासारखी. हा माळा काय करतो, याचं मला सर्वात पटलेलं उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत टॉड हेअर, कॉलिन कॅमेरर आणि अँटोनियो रँगल यांनी २००९ मध्ये दिलं. त्यांनी डाएटवर असल्याचं सांगणाऱ्या माणसांना एमआरआयमध्ये झोपवून खाण्याच्या वस्तूंची चित्रं दाखवली. आधी प्रत्येक वस्तूला चवीचे गुण द्यायचे, मग तब्येतीचे, आणि शेवटी निवड करायची: हे खाशील की ते?

मेंदूच्या पुढच्या भागात, मधोमध आणि खालच्या अंगाला एक जागा आहे. मंडईत अडत्या मालाचा भाव पुकारतो ना, तसं तिचं काम. समोर जे येईल त्याचा एकच एक भाव ती ठरवते. सफरचंदाचा अमुक, बिस्किटाचा तमुक. सगळ्यांच्याच डोक्यात ती बोली लावत होती. पण जी माणसं चवदार-पण-अपायकारक वस्तूला नाही म्हणू शकली, त्यांच्या डोक्यात त्या क्षणी कपाळमाळा जागा झालेला दिसला, आणि अडत्याच्या बोलीत तब्येतीचाही हिशेब उतरलेला दिसला. ज्यांना नाही म्हणता आलं नाही, त्यांचा अडत्या नुसत्या चवीवर भाव लावत होता. मला यात मोठं नवल वाटतं ते असं: आपण संयमाची कल्पना करतो ती हात मागे खेचणाऱ्या कडक मास्तरांसारखी. इथे मास्तर हाताला शिवतही नाहीत. ते मालाचा भावच पाडतात. गुलाबजाम तोच, पण तो आज थोडा स्वस्त वाटतो.

म्हणून मग प्रश्न आला, की माळ्यावर बाहेरून टक्-टक् करून त्याला जागं केलं तर?

लंडनमध्ये रुडॉल्फ उहेर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ते करून पाहिलं. खाण्याच्या तलफा वरचेवर येणाऱ्या २८ स्त्रिया. त्यांच्यासमोर खरेखुरे, मोहात पाडणारे पदार्थ मांडले आणि किती हवंसं वाटतंय ते विचारलं. मग काहींच्या डाव्या कपाळमाळ्यावर सेकंदाला दहा ठोक्यांच्या वेगाने खरी टक्-टक् दिली, काहींना नुसता आवाजाचा देखावा. कुणाला काय मिळालं हे त्या स्त्रियांनाही ठाऊक नाही, तलफेची नोंद करणाऱ्यांनाही नाही. पुन्हा पदार्थ पुढे. देखावा मिळालेल्यांची तलफ चढली. पदार्थ दुसऱ्यांदा पुढ्यात आले की चढणारच. खरे ठोके मिळालेल्यांची तलफ होती तिथेच थांबली.

या प्रयोगाचा एक शेपटीसारखा भाग आहे, तो बातम्यांत क्वचित येतो. शेवटी पाच मिनिटं पदार्थ समोर ठेवून हवं तेवढं खा, असं सांगितलं. दोन्ही गटांनी सारखंच खाल्लं.

पण कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१४ मध्ये उलटी वाट धरली गेली, आणि ती मला जास्त बोलकी वाटते. कॅसँड्रा लोव आणि पीटर हॉल यांच्या गटाने माळ्याला जागं करण्याऐवजी गुंगी आणली. तीन-तीन ठोक्यांचे झुबके फार भराभर दिले, म्हणजे ४० सेकंदांत ६०० ठोके, तर त्या भागाचं काम तेवढ्यापुरतं मंदावतं, हे आधीपासून माहीत होतं. चॉकलेट आणि चिप्सची ओढ असलेल्या २१ तरुण स्त्रियांवर हा प्रयोग केला. माळा मंदावला, तशी तलफ वाढली, आणि या वेळी खाणंही वाढलं. फ्यूज काढला की दिवा विझतो, तेव्हा ती तार त्या दिव्याचीच होती याची खात्री पटते, तसं काहीसं.

पण माळा डावाच का? खरं सांगायचं तर बरंचसं सवयीमुळे. नैराश्यावरच्या उपचारांनी डाव्या बाजूची वाट आधीच मळलेली होती. अमेरिकेने २००८ मध्ये नैराश्यासाठी या यंत्राला परवानगी दिली, आज मुंबई-पुण्यातही तो उपचार मिळतो, आणि तोही मुख्यतः डाव्या बाजूने. मात्र खाण्याच्या वेडाची सर्वात सुरस कहाणी उजव्या बाजूची आहे. झुरिचमधल्या मारियान रेगार्ड आणि थिओडोर लँडिस यांच्याकडे एक राजकीय पत्रकार आला होता. पक्षाघाताने त्याच्या मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाली होती. रुग्णालयात पडल्या-पडल्या त्याच्या डोक्यात चांगल्या जेवणाशिवाय दुसरं काही येईना. बरा झाला, कामावर परतला, आणि राजकारण सोडून तो खाद्यपदार्थांवर सदर लिहू लागला. दोघांनी १९९७ मध्ये असे ३६ रुग्ण एकत्र मांडले. त्यांतल्या ३४ जणांची इजा उजव्या बाजूला, पुढच्या अंगाला होती. ही माणसं अधाशी झाली नव्हती, बरं का. ती रसिक झाली होती! एखाद्याची सुगरण नजर ही मेंदूच्या एका कोपऱ्यातल्या जखमेची देणगी असू शकते, हे वाचून काही क्षण मी गप्पच बसलो. आपल्या आवडी किती ‘आपल्या’ असतात, याबद्दल मग फार ठामपणे बोलवत नाही.

बोस्टनमध्ये फेलिपे फ्रेग्नी यांच्या गटाने २००८ मध्ये दोन्ही बाजूंना एकदम हात घातला, पण चुंबकाने नाही. त्यांचं साधन इतकं साधं आहे की पहिल्यांदा ऐकताना थट्टाच वाटावी. खाऱ्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि बॅटरीवरून दोन मिलिअँपियरचा संथ प्रवाह, वीस मिनिटं. मोबाइलच्या साध्या चार्जरच्या प्रवाहाचा पाचशेवा हिस्सा. सुरुवातीला कातडीवर मुंग्या आल्यासारखं होतं, मग तेही कळत नाही.

विजेचा डोक्याशी असा संबंध तसा जुनाच आहे. पहिल्या शतकात रोममधला स्क्रिबोनियस लार्गस हा वैद्य डोकेदुखीवर जिवंत विद्युतमासा कपाळाला लावायला सांगत असे. त्याच्या मानाने स्पंज ही मोठीच प्रगती.

एवढीशी वीज चेतापेशींना उडवत नाही. अंगठा हलवण्याची तिची ताकद नाही. मग ती करते काय? दुधाला विरजण लावून भांडं चुलीच्या उबेला ठेवतात. ऊब दही करत नाही. दही विरजणच करतं, पण उबेत ते लवकर लागतं आणि थंडीत रेंगाळतं. या प्रवाहाचं तसंच आहे: धन टोकाखालच्या पेशी जरा उतावीळ होतात, ऋण टोकाखालच्या जरा आळसावतात. जर्मनीत ग्योटिंगेन इथे मिखाएल नित्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी २००० मध्ये हे मोजून दाखवलं, आणि मोजायला पुन्हा बोटच वापरलं. या खेपेला करंगळीचा स्नायू. आधी स्पंज, मग चुंबकाचा ठोका, आणि ठोक्याला करंगळी किती जोराने उत्तर देते ते पाहायचं.

बोस्टनच्या प्रयोगात २३ जण होते. धन टोक उजवीकडे ठेवलं तेव्हा त्यांची तलफ उतरली, आणि नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने टिपलं की त्यांचे डोळेही खाण्याच्या चित्रांवर कमी रेंगाळू लागले. डोळे भरत नाहीत म्हणतात ते हेच असावं. या प्रयोगात खाणंही थोडं घटलं. फीनिक्समधल्या सरकारी संशोधन केंद्रात नऊ लठ्ठ माणसांना काही दिवस राहायला ठेवून, जेवणखाण सगळं खाद्यपदार्थांच्या यंत्रातून स्वतःच्या मर्जीने घ्या असं सांगून, रोज हा प्रवाह दिला गेला. धन टोक डाव्या माळ्यावर असताना सोड्याच्या पेयांतून आणि चरबीतून येणाऱ्या उष्मांकांत घट दिसली. नऊच माणसं, हे विसरायचं नाही.

कारण या सगळ्यावर दोन गार पाण्याच्या बादल्या ओतल्या गेल्या.

पहिली न्यूयॉर्कहून. ग्योर्गी बुझाकी यांच्या गटाने दान केलेल्या मृतदेहांच्या डोक्यांवर असा प्रवाह सोडून आत किती पोहोचतो ते मोजलं. सुमारे पाऊण हिस्सा कातडी आणि कवटीतच अडकत होता. बरेच दिवस ज्या स्पंजांच्या जोरावर मोठमोठे दावे होत होते, त्यांना यानंतर जरा खालच्या पट्टीत बोलावं लागलं. अनेक अभ्यास एकत्र ठेवून पाहिले तेव्हाही तेच निघालं: चुंबकाच्या ठोक्यांनी तलफ बऱ्यापैकी उतरते, स्पंजांचा भरवसा देता येत नाही.

दुसरी बादली चुंबकावरच पडली, आणि ती माझी फार आवडती आहे. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये केली बार्थ आणि सहकाऱ्यांना २०११ मध्ये एक शंका आली. खरा ठोका कपाळावर दुखतो. कुणीतरी सुतारपक्षी डोक्यावर बसवल्यासारखा. देखाव्यात नुसता आवाज होतो, दुखत नाही. मग फरक मेंदूतल्या चुंबकाचा कशावरून, कातडीवरच्या दुखण्याचा कशावरून नाही? त्यांनी देखाव्यातही कपाळावर विजेची छोटी टिचकी मारून तितकंच दुखवलं. दहाच जणी होत्या, पण दोन्ही वेळा तलफ सारखीच उतरली! दुखण्यानेच लक्ष तिकडे ओढलं गेलं असावं आणि जिलबीचं चित्र विस्कटलं असावं, असा त्यांचा कयास.

हे वाचून या विषयावर फुली मारणारेही असतील. मला उलट झालं. मास्तरांनी डोक्यावर टपली मारली की वर्गातल्या मुलाचं खिडकीबाहेरचं लक्ष परत येतं, ही टपली आणि लाखो रुपयांचं यंत्र एकाच रांगेत बसवायची हिंमत त्या संशोधकांनी दाखवली. विज्ञान पुढे जातं ते अशा खडूसपणानेच. त्यानंतरच्या प्रयोगांना देखावाही दुखेल असा करावा लागतो.

तरीही सगळं टिचकीवर संपत नाही, आणि त्याचा पुरावा खाण्यातून नाही, सिगारेटमधून आला. आयोवा विद्यापीठातल्या नासिर नक्वी आणि अँटॉइन बेशारा यांनी २००७ मध्ये काही सिगारेट ओढणाऱ्यांची हकीकत मांडली. पक्षाघाताने त्यांच्या मेंदूतल्या घडीत लपलेला ‘इन्सुला’ नावाचा भाग दुखावला होता. त्यांतल्या काहींची सिगारेट एकाएकी सुटली. ना चिडचिड, ना झुरणं. एकाने तर सांगितलं की त्याचं शरीर सिगारेटची ओढ विसरूनच गेलं. हा इन्सुला पोट, जीभ, घसा, छाती इथल्या आतल्या खबरा गोळा करतो, आणि एखाद्या गोष्टीसाठी जीव कासावीस होतो तेव्हा तो पेटलेला दिसतो. खाण्याच्या तलफेतही दिसतो.

आठाच्या आकाराच्या वेटोळ्याचे ठोके इतक्या आत पोहोचत नाहीत. म्हणून अब्राहम झँगेन आणि यिफ्ताख रोथ यांनी हेल्मेटसारख्या टोपीत वेगळ्या वळणांची वेटोळी बसवली. ती टोपी वापरून २६२ जणांवर घेतलेल्या चाचणीत खरे ठोके मिळालेल्यांपैकी १९.४ टक्के लोकांची सिगारेट सुटली, देखाव्यात ८.७ टक्के. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये धूम्रपान सोडवण्यासाठी या टोपीला मान्यता दिली. इटलीत मिलानजवळ लिव्हियो लुत्सी यांच्या गटाने लठ्ठपणासाठी अशीच टोपी वापरली, पाच आठवड्यांत पंधरा बैठका, आणि वजन देखाव्यापेक्षा जास्त उतरलं. पण खाण्याच्या तलफेसाठी म्हणून मान्यता मिळालेला उपचार हा अजून नाही. अपस्माराचा त्रास असलेल्यांना किंवा डोक्यात धातूचा तुकडा असलेल्यांना तर या ठोक्यांपासून दूरच ठेवतात. आणि इंटरनेटवर पाहून बॅटरी-स्पंज घरीच जोडणाऱ्यांना संशोधकांनी २०१६ मध्ये जाहीर पत्र लिहून सावध केलं होतं, की स्पंज बोटभर सरकला तर तुम्ही काय चाळवताय हे तुम्हालाच कळणार नाही. विरजणाच्या उबेचं उदाहरण मी दिलं खरं, पण भांड्यात कुठलं विरजण पडलंय हे घरबसल्या कळायला मार्ग नाही.

सिगारेटच्या चाचणीतली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. दर बैठकीच्या आधी त्या माणसांची तलफ मुद्दाम उठवत. सिगारेट सर्वात जास्त हवीशी वाटते तो प्रसंग आठव, असं सांगत. सिगारेटची चित्रं दाखवत. तलफ नीट पेटली की मग टोपी चढवायची. चेतापेशींचं जे जाळं त्या क्षणी जागं असतं, तेच ठोक्याने हलवता येतं अशी त्यामागची कल्पना. झोपलेल्याला समजावून काय उपयोग.

परवा रात्री जेवणानंतर मी हे सगळं बाबांना सांगत होतो. त्यांनी डबा मांडीवर घेतला होता, झाकण अजून उघडलेलं नव्हतं.

“म्हणजे आधी गूळ दाखवतात?”

“हो बाबा. चॉकलेट किंवा तसलंच काही.”

“आणि चांगली तलफ आली की डोक्यावर टक्-टक्.”

“हो.”

“आणि मग गुळाचं काय करतात?”

“समोर ठेवतात. पाच मिनिटं. मग किती उरलाय ते तोलतात.”

बाबा जरा विचारात पडले. मग त्यांनी झाकण उघडलं.

“पाच मिनिटं पुष्कळ झाली,” ते म्हणाले.